सोडलेला प्रश्न

सेनगावच्या स्टँडवर जीप उभी होती. माणसं भरल्याशिवाय ती हलणार थोडीच! मधल्या सीटवर प्रतिक्षा मोबाईलवर प्रश्नमंजुषेचा गेम खेळत बसली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "दुसरा पर्याय दाबा की!"

"तुमाला कुणी विचारलं?" तिनं फणकाऱ्यानं तिसरा दाबला. चूक! एक पॉइंट वजा.

मागं कुणीतरी खुदकन हसलं. वळून बघितलं, तर तिलाही हसू आलं... काय करणार, पोरगं होतंच तसं गोड!

त्याचं नाव भागवत. दोघंही बँकेच्या परीक्षेची तयारी करणारे, हिंगोलीच्या अभ्यासिकेत जाणारे. मग काय, जीप भरेपर्यंत रोज डाव रंगायला लागला. नियम गेमचेच. चुकलं की एक पॉइंट वजा, सोडलं की काहीच नाही. पण बाईसाहेबांना सोडणं माहीतच नव्हतं. प्रत्येक प्रश्नाला काहीतरी ठोकून द्यायची आणि हरायची.

"इतकी घाई काहून करून राहिलीस?" तो चिडवायचा. "पक्कं नसलं तर सोडून द्यावं. नुकसान तरी व्हत न्हाई."

ती शिकली, जिंकायलाही लागली. हरला की तो फुटाण्याची पुडी द्यायचा... आणि देताना त्याची बोटं उगाच रेंगाळायची. ती तरी कुठं हात मागं घ्यायची!

मग भागवतला नोकरी लागली, थेट कोल्हापूरला. जायच्या आदल्या दिवशी तो मागच्या सीटवरून पुढं वाकला.

"शेवटचा प्रश्न. मी आवडतो का तुला? पर्याय दोनच. व्हय, न्हाई तर न्हाई."

तिचे कान तापले. व्हय म्हणावं, तर उद्या घरी कळलं की अभ्यासिका बंद. न्हाई तर तिला म्हणवतच नव्हतं.

"सोडला," ती पुटपुटली.

त्यानं खिशातली पुडी तिच्या हातात ठेवली. या वेळी बोटं रेंगाळली नाहीत.

दिवाळीनंतर तिचीही बँकेत निवड झाली. आता कुणाच्या बापाची भीती! त्याच जीपमध्ये बसून तिनं फोन लावला.

"भागवत... सोडलेल्या प्रश्नावर परत येता येतं ना रे?"

"येतं की," तो म्हणाला, "वेळ संपायच्या आत." आणि मग हळूच, "गेल्या इतवारी साखरपुडा झाला माझा."

जीपमधली गडबड तिला ऐकूच येईना.

"उत्तर येत नव्हतं का गं तुला?"

"येत होतं रे. पहिल्या दिवसापासून येत होतं..."

"मंग सोडलास काहून?"

तूच तर शिकवलं होतंस, हे अगदी ओठांवर आलं तिच्या. पण बोलली असती, तर जन्मभर सलत राहिलं असतं त्याला.

"असंच," ती म्हणाली. "पोरगी कशी आहे ते सांग की."



तो सांगत राहिला, आणि जीप भरली.