अठरा टक्क्यांची चूक

लेझरच्या दालनाबाहेरचा लाल दिवा लागला, की आत जायची सोय नसे. त्या दिवशीही तो ऐन वेळी लागला आणि ती फिल्मचं पाकीट हातात घेऊन भिंतीला टेकली. शेजारी एक उंच, अवघडलेला तरुण उभा होता. एक डबा त्यानं स्वेटरच्या आत, छातीशी धरला होता.

"बरं नाही का?" तिनं विचारलं.

"मला काही झालेलं नाही. ह्यांना गारठा सोसत नाही," तो डब्याकडे बघत म्हणाला. "चार लाख जीव आहेत आत."

"जिवंत आहेत ना अजून?"

"तुमच्या हाती पडेपर्यंत तरी..."

ती हसली नाही. पण ओठांचा एक कोपरा हलला, आणि तो त्यानं बरोबर टिपला.

डब्यात कर्करोगाच्या पेशी होत्या. तो त्या वाढवायचा. तिचं काम मोजणीचं. लेझरचा झोत कागदाहून पातळ पत्र्यावर आदळला, की प्रोटॉनचा लोंढा निघे आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी पेशींत शिरून शांत होई. दर खेपेचा लोंढा निराळा – कधी दांडगा, कधी मरतुकडा. पेशींना किरणांची मात्रा नेमकी किती लागली, ते त्यांच्यापुढे लावलेली फिल्म निळी पडून सांगे. तो निळा रंग पुरता बसायला एक दिवस लागे. त्या एका दिवसात पेशीवाला दोन-तीनदा तरी तिच्या खोलीत डोकावे. आधी आकड्यासाठी, मग चहासाठी, मग... कशासाठीच नाही. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

एकदा त्यानं ताईचं सांगितलं. लहानपणी ताईच्या डोळ्यामागे गाठ झाली होती. किरणांनी गाठ गेली, सोबत डोळाही गेला. प्रोटॉन ठरल्या जागी थांबतात, असं त्यानं पुढे कुठंतरी वाचलं, आणि त्याचं आयुष्य त्या एका वाक्यामागे निघालं.

दोन वर्षांनी त्याला हवं ते दिसलं. नेहमीच्या यंत्राइतकीच मात्रा, पण लेझरनं क्षणात दिलेली, आणि कर्करोगाच्या पेशी जास्त मरत होत्या. लेख लिहून झाला. त्यानं ताईला सांगूनही टाकलं.

त्याच आठवड्यात तिला चूक सापडली – तिची स्वतःची. मंदावलेल्या प्रोटॉनखाली फिल्म हवी तेवढी निळी पडत नाही, हे तिला ठाऊक होतं; असे मंद प्रोटॉन किती, हा अंदाज मात्र साफ चुकला होता. तिनं तीन दिवस आकडे उलटेपालटे करून पाहिले. उत्तर तसूभर हललं नाही. पेशींना मात्राच जास्त गेली होती; त्या जास्त मेल्या यात नवल ते काय?

कोणाच्या लक्षात आलं नसतं. तोंडाला कुलूप लावलं असतं, तर तो उद्याही चहाला आला असता. हे तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

सकाळी तो पेशींच्या खोलीत होता. तिनं सगळं एका दमात सांगितलं.

"किती?" त्यानं एवढंच विचारलं.

"अठरा टक्के."

तो हातमोजे काढून म्हणाला, "ताईला सांगायला हवं. तू चल... मला नीट सांगता येणार नाही."

ताईनं दार उघडलं, दोघांचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता बसायला सांगितलं. ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "चूक केली कोणी?"

"मी."

"आणि पकडली?"

"तीही मीच."

ताई तिच्याकडे एका डोळ्यानं बघत राहिली. "माझ्या वेळी कोणीतरी चुकलंच असणार," ती हळू म्हणाली. "इतक्या वर्षांत कोणी समोर येऊन बसलं नाही, गं."

मग ताईनं तिच्या हातावर हात ठेवला. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

परतताना रस्ता दुपारच्या उन्हात शांत पडला होता. तो कोपऱ्यावर थांबला.

"सकाळी तुझा राग आला होता. फार. आता वाटतं... तुझ्यासोबत राहिलो, तर मला कधी खोटं ऐकावं लागणार नाही."

"रोज खरं ऐकणं जड जातं."

"जाऊ दे."

"सगळे प्रयोग पुन्हा करावे लागतील. दोन वर्षं तरी."

"करू."



"मग आजचं दुसरं खरं ऐक," ती म्हणाली. "मी तीन दिवस गप्प राहिले, ते फक्त आकडे तपासायला नाही. तू यायचा थांबशील... याची भीती वाटत होती."

त्यानं तिच्या खांद्यावरची जड पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली, आणि मोकळ्या हातानं तिचा हात धरला.