शेपटीला टाके

दरीच्या काठावरच्या त्या थोराड झाडाच्या शेंगा उतरवून आणायला आम्ही तिघं निघालो होतो. त्या जातीचं फळणारं झाड आता त्या डोंगरांत तेवढं एकच उरलं होतं, आणि तेही काही वर्षांतून एकदाच शेंगा धरायचं. शेंगा तडकल्या की आतलं पंखवालं बी वाऱ्याबरोबर थेट दरीत जाणार आणि खालच्या पाण्यात कुजणार. त्याआधी वर चढायचं, शेंगा पोत्यात भरायच्या आणि रोपवाटिकेत पोचवायच्या. "एवढंच तर काम आहे," असं जावईबापू म्हणाले, आणि हे काम जड जाणार हे मला तेव्हाच कळलं.

जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. झाडं छाटायचा धंदा आमच्या घरचा. हे त्यात लग्न करून आले आणि आल्या आल्या आम्हालाच छाटणी शिकवू लागले. आमच्या शेडमध्ये दोर जाडीप्रमाणे खुंट्यांना टांगलेले असत. ह्यांनी ते रंगाप्रमाणे टांगले! "नीटनेटकं दिसतं ना, ताई?" असं वर विचारलं.

"वा! तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही," मी हात जोडून म्हणाले. माझ्या तोंडून मानाचा जो जो शब्द त्यांच्या वाट्याला गेला, तो असाच टोमणा म्हणून गेला. बहिणीला मी एकदा विचारलं होतं, काय पाहिलंस गं ह्यांच्यात? तर म्हणाली, छान हसतात. छान हसतात! हसण्यावर झाडं कापली जात असती तर आम्ही करवती कशाला बाळगल्या असत्या?

आमच्यातली तिसरी म्हणजे आत्या. वडिलांची थोरली बहीण आणि धंद्याची खरी मालकीण. ती जावईबापूंना कस्पटासमान लेखायची आणि मलाही. त्या बाबतीत तिने कधी आपपरभाव केला नाही.

पहिला दणका नदीने दिला. पाणी मांडीपर्यंतच होतं, पण ओढ जबरदस्त. सामानाची मोठी पिशवी खांद्यावरच्या काठीला बांधायचं काम जावईबापूंनी हौसेने अंगावर घेतलं होतं. गाठ कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेली. दिसायला फुलासारखी होती आणि ऐन धारेत फुलासारखीच उमलली! पिशवी पाण्यात पडली. आत्या झेपावली. पिशवीचा पट्टा तिच्या अंगठ्याला गुंडाळला गेला, पाण्याने हिसडा दिला, आत्या किंचाळली आणि पिशवी गेली. पलीकडे पोचलो तेव्हा तिचा उजवा अंगठा वांग्यासारखा सुजला होता. पिशवीबरोबर आमच्या सगळ्या स्लिंगाही गेल्या होत्या.

स्लिंग म्हणजे फांदीला फेर घालायचा दोराचा तुकडा, दोन्ही टोकांना पक्का डोळा, म्हणजे न सुटणारं वेटोळं, असलेला. चढणारा माणूस त्याच्या भरवशावर लटकतो, शेंगांचं पोतंही त्यालाच लटकतं. स्लिंगा नाहीत तर चढणंही नाही.

"साध्या गाठी मारून घेऊ की," जावईबापू म्हणाले. गाठींची हौस अजून फिटली नव्हती!

"हा दोर साबणासारखा गुळगुळीत आहे, गाठ निसटेल," आत्या म्हणाली. "ह्याला डोळाच ओवावा लागतो. आणि माझा हात तर तुम्ही नदीला वाहिलात. तेव्हा आता तुम्ही दोघं ओवायचं."

"मी? मी चढणारी आहे," मी म्हणाले. दोर ओवत बसणं हे मी कायम बैठ्या लोकांचं काम समजत आले होते. आत्या स्लिंगा करून द्यायची, मी घेऊन वर जायची.

"हो ना. माकडंही चढतात," आत्या म्हणाली.

झाडापाशी पोचून आम्ही एका खडकाच्या आडोशाला तळ ठोकला. दोराचं एक भेंडोळं माझ्या खांद्यावर होतं म्हणून वाचलं होतं. ओवायची पोकळ सळी आणि शिवायचं दाभण आत्याच्या कमरेच्या पिशवीत होतं. समोर ते झाड. बुंधा कड्यावर आणि अर्ध्याहून अधिक विस्तार दरीवर झुकलेला. खाली पाहिलं तर पाणी दिसायचं नाही, नुसता त्याचा आवाज वर यायचा. शेंगा नेमक्या दरीकडच्या फांद्यांना होत्या आणि दिवसागणिक तपकिरी पडत होत्या.

आणि आम्ही खाली बसून दोर ओवत होतो! हा दोर आतून पोकळ, वेणीसारखा विणलेला. टोक वळवून डोळा करायचा आणि उरलेली शेपटी सळीने दोराच्याच पोटात लांबवर ढकलत न्यायची. ओढ बसली की बाहेरची वीण आवळते आणि शेपटीला गच्च धरते. शेपटी मात्र पुढे निमुळती करावी लागते, एकेक पेड उपटून. नाहीतर ती जिथे संपते तिथेच दोर कच्चा राहतो. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की आपली बोटं दुसऱ्या कुणाची तरी वाटायला लागतात.

आत्याची तपासायची रीत एकच. पुरा झालेला डोळा घ्यायचा, सुरीने दोराचं पोट उभं फाडायचं आणि आतली शेपटी बघायची.

"उंदराने कुरतडलीय का ही?" माझा डोळा गेला.

"ही शेपटी आहे की खुंटा?" जावईबापूंचा गेला.

मी पुन्हा ओवला, तिने पुन्हा फाडला. माझ्या बोटांची सालं निघाली. दोराला, सळीला आणि आत्याला मी मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत होते, आणि सगळ्यांत जास्त जावईबापूंना, कारण त्यांचे डोळे माझ्यापेक्षा देखणे येत होते! ते प्रत्येक डोळा उन्हात धरून मला दाखवायचे.

"आत्याबाई, अशाने दोर संपेल हो!" एकदा ते कळवळून म्हणाले. भेंडोळं खरंच रोडावत चाललं होतं.

"संपू दे. दोर संपला तर रिकाम्या हाताने घरी जाऊ. तुम्ही संपलात तर पोरीला काय सांगू?"

शेवटी एका दुपारी तिने माझा डोळा फाडून पाहिला आणि काहीच बोलली नाही. जावईबापूंचा फाडला आणि त्यावरही काही बोलली नाही. शाबासकी म्हणायची ती एवढीच.

"आता कराल ते फाडणार नाही, दोरच तेवढा उरलाय," ती म्हणाली. "पण टाके विसरू नका. भार असतो तोवर वीण शेपटीला धरते. भार गेला की पकड सुटते. दोर सैल पडून हलत राहिला तर शेपटी थोडी थोडी करत मागे सरकते. म्हणून डोळ्याच्या गळ्याशी, शेपटी आत शिरते तिथे, आरपार शिवायचं."

फाडलेल्या दोराचे पेड दाभणात ओवून मी माझ्या दोन स्लिंगा शिवल्या. टाके वेडेवाकडे आले, पण घट्ट बसले. जावईबापूंनी एकच केली आणि दोन्ही गळ्यांना खिशातली लाल चिकटपट्टी गुंडाळली. रंगांची आवड!

"टाके?" आत्याने विचारलं.

"आत आहेत ना," जावईबापू म्हणाले आणि छान हसले.

सकाळी वारा सुटला. वर कुठेतरी शेंग तडकल्याचा आवाज आला आणि बिया भिरभिरत दरीत गेल्या. आता थांबून चालणार नव्हतं. आम्ही दोघं चढलो.

त्या झाडावर चढणं म्हणजे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाणं. सालीत हात आत जाईल एवढ्या भेगा, फांद्या बैल चालत जाईल एवढ्या रुंद, आणि शेंड्याकडे गेलं की सगळं झाड जहाजासारखं सावकाश डोलायचं. माझी एक स्लिंग मी स्वतःसाठी वरच्या फांदीला घातली आणि तिच्या डोळ्यात कमरेच्या पट्ट्याची लोखंडी कडी अडकवली. दुसरी मधल्या फांदीला, मोठ्या पोत्यासाठी. जावईबापू आपल्या लाल पट्टीच्या स्लिंगला लटकून खाली, थेट दरीवर. कमरेला छोटी झोळी. पायाशी मनगटाएवढी एक फांदी होती, पाऊल टेकायला पुरेल पण माणूस पेलणार नाही अशी. तिच्यावर टेकायचं, ढकलून झोका घ्यायचा, शेंगा तोडायच्या, पुन्हा टेकायचं, असा त्यांचा खेळ चालला होता. दर वेळी त्यांची स्लिंग सैल पडायची आणि हिसड्याने ताणली जायची.

पोतं काठोकाठ भरलं. मी सहज खाली पाहिलं, आणि माझी पाचावर धारण बसली.

चिकटपट्टी सालीला घासून लोंबत होती. तिच्याखाली एकही टाका नव्हता! आणि लोखंडी कडीभोवती घट्ट बसलेला तो डोळा आता मूठ जाईल एवढा मोठा झाला होता. गळ्यातून शेपटी बाहेर सरकली होती. तिचा निमुळता भाग दिसायला लागला होता. जावईबापू झोक्यातून मागे येत होते. पाय त्या बारक्या फांदीकडे निघाला होता. आणखी एकदा टेकले, आणखी एक हिसडा बसला की संपलं!

"भावोजी!" मी ओरडले. "हलू नका! डोळा सुटतोय तुमचा! नुसते लटकून राहा. पाया पडते तुमच्या, ऐका माझं!"

त्यांनी वर पाहिलं आणि मोठ्याने हसले. "पाया पडता? वा, ताई! माझे डोळे देखणे आले ते अजून सलतंय होय?"

आणि पाय पुढे केला.

"अरे गाढवा!" माझा आवाज फाटला. "टेक, टेक! पाय टेकल्याशिवाय तुला येतंय काय दुसरं? दोन्ही पाय हवेत आणि हात छातीशी बांधून नुसतं लटकायचं म्हटलं तर रडशील तू! माझ्या बहिणीला सांगते, नवरा फांदीला चिकटलेला असतो म्हणून!"

पाय थांबला.

"मला जमत नाही?" जावईबापूंचं नाक लाल झालं. त्यांनी पाय मागे घेतला, हात छातीशी बांधले आणि धोंड्यासारखे लटकले. "हे बघा!"

"हलायचंही नाही!"

"नाही हलत!"

मी मधल्या फांदीवर उतरले. पोत्याची स्लिंग मला हवी होती. दुसरी होती कुठे? पोतं नीट खाली उतरवायला वेळ नव्हता. मी कडी उघडली. पोतं गेलं. काही वर्षांचा बहर कोलांट्या खात दरीत गेला, आणि आपटल्याचा आवाजसुद्धा वर आला नाही.

"ताई! वेड लागलंय का?" जावईबापू किंचाळले. "शेंगा!"

"हललास! हरलास!"

"नाही हललो!" बिचाऱ्याने हात आणखी घट्ट बांधले.

स्लिंग सोडवून मी सरपटत त्यांच्या डोक्यावरच्या जाड फांदीवर गेले. फेर घातला. डोळ्यातून डोळा ओढला. माझ्या कमरेचा आखूड दोर कडीत अडकवला, दुसरं टोक त्यांच्या पट्ट्याला. ओढला. घट्ट! माझे वेडेवाकडे टाके माझ्या नाकासमोर होते आणि त्यातला एकही हलला नाही.

"आता वर बघ," मी म्हणाले.

त्यांनी पाहिलं. भार माझ्या स्लिंगवर आला आणि त्यांची सैल पडली. मी ती एका बोटाने हलवली. शेपटी अलगद, काही अडथळा न होता, गळ्यातून बाहेर आली आणि वाऱ्यावर लोंबू लागली. जावईबापूंचं हसू कुठल्या कुठे गेलं.

आम्ही खाली आलो. आत्याने ते सुटलेलं टोक पाहिलं, मग जावईबापूंकडे पाहिलं. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि धड असलेला हात त्यांच्या पाठीवर ठेवला. झोळीत ओंजळभर शेंगा होत्या. वर उरलेल्या शेंगा तडतड फुटत होत्या आणि बी दरीवर उधळत होतं.

"मी परत जातो वर," जावईबापू उठले. "ताईंच्या दोन स्लिंगा आहेत अजून."

"बसा," आत्या म्हणाली. "ओंजळभर पुरेत. ह्या वाऱ्यात आता कुणी जायचं नाही."

ते बसले. बराच वेळ बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर तुम्ही मला भावोजी म्हणालात. पाया पडते म्हणालात. ते खरं होतं?"

"हो."

"मला वाटलं, नेहमीचंच."

मला लाज वाटली. टाके घातले नाहीत तो दोष त्यांचा होता. पण एवढ्या कळवळून केलेली विनवणी त्यांना टोमणा वाटली, ती करणी माझी. गेली कित्येक वर्षं मी मानाचे सगळे शब्द ह्या माणसाशी बोलून बोलून खोटे करून ठेवले होते, आणि ऐन वेळी माझ्याकडे एकही खरा उरला नव्हता.

"मग आता तुम्हाला काय म्हणू मी?" मी विचारलं.

त्यांनी खरोखर विचार केला.

"गाढवच म्हणत जा, ताई," ते म्हणाले. "त्यावर माझा विश्वास बसतो."