माऊस माझ्याच हातात होता

"ह्या कपाटाचं दार उघडणार कुठं?"

मागून आवाज आला आणि मी दचकलेच. २००४ साल. दौंडच्या स्टेशन रोडवरच्या इंटिरिअर डिझाईनच्या क्लासमधला माझा दुसराच दिवस. कॉम्प्युटरवर ऑटोकॅडमध्ये मी अख्खी बेडरूम काढली होती आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

"उघडेल की! दार उघडायलाच असतं," मी ठसक्यात म्हणाले.

"पलंगाला अडंल. पलंग सरकवा, न्हाईतर दार सरकतं करा."

वळून पाहिलं. कानामागे पेन्सिल, केसांत लाकडाचा भुसा, आणि गालातल्या गालात हसणं. अगं बाई, हा कोण शहाणा! पण दार खरंच अडत होतं.

महेंद्र केडगावचा. सकाळी फर्निचरच्या कारखान्यात काम करायचा, दुपारी क्लासला यायचा. दोघांत एक कॉम्प्युटर असायचा आणि मॅडमनी त्याला नेमकं माझ्या शेजारी बसवलं. लाकडातलं त्याला सगळं कळायचं, माऊस मात्र रंधा मारल्यासारखा टेबलभर ढकलायचा. शेवटी वैतागून मीच माऊस ओढून घेतला. मग तो सांगायचा आणि मी काढायची.

"दीड फूट आत घे... अजून जरा... बास!"

"हुकूम सोडायची भारी हौस आहे रे तुला."

"हुकूम कुठला? विनंती हाय. तुला हुकूम सोडायची छाती हाय का कुणाची?"

मी स्क्रीनकडेच बघत राहायची. कान मात्र तापायचे. त्याच्या शर्टाला सागवानाचा वास यायचा आणि तो आला नाही की दुपार सरता सरत नसे.

शेवटच्या प्रोजेक्टला त्यानं आमचंच रेल्वे क्वार्टर निवडलं. खोल्या दोन, माणसं पाच. एका रविवारी टेप घेऊन घरीच आला. आईला म्हणाला, "काकू, ओट्याशी जरा उभ्या राहा." तिच्या कोपरापर्यंतचं माप घेतलं आणि म्हणाला, "ओटा बुटका हाय. पाठ दुखत आसंल तुमची."

आईचा हात आपोआप पाठीवर गेला. तिची पाठ दुखते हे आमच्या कुणाच्याच कधी लक्षात आलं नव्हतं. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं... भिंतीपाशी बोटाला बोट लागलं. त्यानं ते माप दोनदा चुकीचं सांगितलं. मीही दोनदा तसंच लिहून घेतलं.

भिंतीत मिटणारं टेबल, खण असलेला पलंग, आईच्या उंचीचा ओटा. कल्पना सगळ्या त्याच्या. ड्रॉइंगच्या खालच्या चौकटीत, काढणाऱ्याचं नाव असतं तिथं, आम्ही दोघांची नावं टाकली. मॅडम इतक्या खूश झाल्या की पुण्याच्या एका ऑफिसात दोघांनाही इंटरव्ह्यूला पाठवलं.

आदल्या दिवशी महेंद्र त्याच्या प्रिंट घेऊन गेला, मग मी माझ्या काढायला बसले. चौकटीतल्या दोन नावांकडे बघत राहिले. एकाच नावाची फाईल जास्त उठून दिसेल, असं वाटलं. त्याचं नाव निवडलं आणि पुसून टाकलं. खोटं कुठं होतं? माऊस तर माझ्याच हातात होता!

सकाळच्या पॅसेंजरमध्ये तो केडगावला चढला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, पण केसांत भुसा होताच. मी तो झटकला, तसा हळूच म्हणाला, "नोकरी लागली की मामांना घिऊन तुमच्या बाबांकडं येऊ का?"

"कशाला?"

"ओट्याचं माप परत घ्यायला."

"आधी लागू दे तर..." मी खिडकीकडे तोंड केलं. हसू काही आवरेना. केडगावपासून पुण्यापर्यंत तो माझ्या शेजारी बसला होता. फाईलचं शंभरदा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

तिथं गेल्यावर कळलं, जागा एकच आहे. मी आधी आत गेले. तिथल्या सरांना ड्रॉइंग फार आवडली. मग महेंद्र आत गेला आणि पाच मिनिटांत मला परत बोलावलं. टेबलावर दोन्ही फायली उघड्या होत्या. ड्रॉइंग तीच, पण त्याच्या फायलीत नावं दोन आणि माझ्यात एक.

"हे कोणी काढलंय?" सरांनी विचारलं.

महेंद्र माझ्याकडे बघत होता, अगदी निर्धास्त. मी सांगणारच, याची खात्री होती त्याला.

"मी काढलंय सर," मी म्हणाले. "तो... माझ्या शेजारी बसायचा."

त्यानं फाईल उचलली आणि निघून गेला. सरांनी मला सोमवारपासून कामावर यायला सांगितलं.

परतीच्या गाडीत तो दारातच उभा राहिला. केडगाव जवळ आलं तेव्हा माझ्यापाशी आला.

"तू आवडतीस मला, गौतमी. लई आवडतीस. पण चार माणसांत चोर ठरवलंस."

"महेंद्र, माझं चुकलं रे..."

"मग सोमवारी सरांना खरं सांग. नोकरी तुलाच ऱ्हाऊ दे, मला नगं. नुसतं खरं सांग आन् येताना केडगावला उतर. मी फलाटावर असंन. सांगितलं न्हाईस, तर उतरू नको."

सोमवारी मी सरांच्या दाराशी तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्यांनीच आत बोलावलं. एक क्लायंट बसले होते. "ही गौतमी. हिचं काम बघा, घराघरातली अडचण ओळखते पोरगी," असं माझं कौतुक केलं आणि मला त्यांच्या फ्लॅटचं काम दिलं.

"तुला काही बोलायचं होतं का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. काही नाही."

घरच्यांनी लग्नाला आडकाठी केली असती, तर निदान बोटं मोडायला कुणीतरी असतं. दोन्ही घरं बौद्ध, त्याचे मामा आणि माझे बाबा एकाच विहाराच्या कमिटीत. आई तर त्याच्यावर जीव टाकायची. आडवी आले ती मीच.

संध्याकाळी परतताना यवत गेलं, आता केडगाव येणार. उतरावं आणि 'सांगितलं' म्हणावं! तपासायला कोण जाणार होतं? पण त्याच्या तोंडावर दुसऱ्यांदा खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही. निदान खिडकीतून हाक मारावी, म्हणावं, एक दिवस अजून दे... तेही जमणार नव्हतं.

गाडी केडगावला थांबली. महेंद्र होता. उतरणाऱ्या बायकांत मला शोधत, एकेक खिडकी बघत तो डब्याडब्यानं पुढं येत होता. माझ्या खिडकीशी यायच्या आत मी शटर खाली ओढलं.

"अगं, जीव गुदमरतोय. उघड की ते," शेजारच्या मावशी म्हणाल्या.

"केडगाव जाऊ द्या, मावशी. मग उघडते."