पुढचं दार, मागचं दार

"त्या घरातली आधीची बाई, संध्याकाळ झाली की दाराशी येते म्हणे, आणि घरातल्या माणसाला हाताला धरून..."

दूध घ्यायला गेलेल्या शिवणकाकूंच्या कानावर एवढंच पडलं. त्यांना पाहताच बोलणाऱ्या दोघींची जीभ टाळूला चिकटली आणि गाडी एकदम कांद्याच्या भावावर गेली. काकूंनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भाड्याचं घर म्हटलं की भिंतीबरोबर चार गप्पाही पदरात पडतातच. पण घरी येईपर्यंत ते अर्धं वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. हाताला धरून काय?

टोचायला कारणही तसंच होतं. काकांची आठवण हल्ली उसवत चालली होती. दिवसा ठीक असत. दिवेलागणीला मात्र पाय शिवशिवायचे, उठायचे आणि चालू लागायचे. कुलूप घातलं तर दारावर डोकं आपटून घ्यायचे, म्हणून तेही बंद केलेलं. मागे एकदा पार हमरस्त्यावर सापडले, तेव्हा मुलानं निक्षून सांगितलं होतं, "आई, आता पुन्हा बाबा बाहेर गेले, तर त्यांना संस्थेत ठेवायचं. मी ऐकणार नाही." काकूंनी ब्लाउज शिवून शिवून संसार ओढला होता. म्हातारपणी नवरा परक्या खाटेवर निजायचा, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती.

मग मुलानंच ती यंत्रणा पाठवली. दिवाणखान्यात ठेवायचा एक बोलका डबा, आणि दारांना चिकटवायचे सेन्सर. एक तुकडा चौकटीला, एक फळीला. फळी हलली की डबा बायकी आवाजात सांगणार, कुठलं दार उघडलं ते. मुलाच्या फोनवरही निरोप जाणार. दिवसा काका ठीक असत, म्हणून डबा दिवेलागणीलाच चालू करायचा असं ठरलं. काकूंनी फोनवर विचारत विचारत सगळं स्वतः बसवलं. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला हे काय अवघड?

पहिल्याच संध्याकाळी डबा बोलला, "मागचं दार उघडलं."

काकू शिवण टाकून मागे धावल्या. दाराला कडी जशीच्या तशी. खिडकीतून पाहिलं, अंगणात चिटपाखरू नाही. कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानातल्या वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, दोन तुकड्यांत अंतर पडलं असेल, बोटभरच ठेवा. काकू स्टुलावर चढल्या, दोन तुकड्यांतलं अंतर बोटानं मोजू लागल्या. डोळे आता पूर्वीचे राहिले नव्हते, वेळ लागला. तेवढ्यात, त्यांचा हात त्या बंद दारावर असताना, त्यांच्या डोळ्यांसमोर फळी तसूभरही हललेली नसताना, आतून डबा पुन्हा म्हणाला, "मागचं दार उघडलं."

काकूंच्या पाठीवरून थंड सुतळी ओढल्यासारखं झालं. दिवाणखान्यात आल्या तर काका खुर्चीत बसलेले. किंचित धापा टाकत होते.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजचंच झालं. सूर्य कलला की एकदा, आणि काकू मागे खटपट करत असताना पुन्हा एकदा. बॅटरी बदलली. डबा बंद करून चालू केला. वायरमन फोनवर सांगेल ते सगळं केलं. मागच्या पडवीत ओल्या मातीचा वास येऊ लागला होता की आपल्याला भास होतो, तेही त्यांना कळेना. मुलगा विचारी, "आई, रोज मागचं दार कोण उघडतं?" त्या म्हणत, "अरे, यंत्र खुळं आहे." आणि मनात ते अर्धं वाक्य फिरत राही.

शेवटी वायरमन एका दुपारी स्वतः आला. काकूंनी त्याला दाखवायला डबा चालू करून ठेवला होता. त्यांनी पुढचं दार उघडलं, आणि डबा बोलला, "मागचं दार उघडलं."

वायरमन उंबऱ्यातच हसायला लागला. "काकू, सेन्सरची बॅटरी चालू करायला ज्या प्लास्टिकच्या पट्ट्या ओढायच्या, त्या सगळ्या एकदम ओढल्या होत्या ना? एक ओढायची, नाव द्यायचं, मग दुसरी. तुमची नावं उलटी झालीत. पुढचं ते मागचं, मागचं ते पुढचं."

सगळे दोरे एकदम कापायची शिवणाऱ्या हाताची सवय, दुसरं काय. वायरमननं नावं बदलून दिली आणि हसत निघून गेला. काकूंना मात्र हसू येईना. त्या शिलाई यंत्राला धरून उभ्या राहिल्या.

म्हणजे रोज उघडत होतं ते पुढचं दार. आपण मागे स्टुलावर, आणि हे बाहेर. एकदा जाताना, एकदा येताना. पण ज्या माणसाला घरातली मोरी सापडत नाही, तो रोज वाट शोधत परत येत कसा होता?

त्या काकांजवळ जाऊन बसल्या. मुलाला यातलं अवाक्षर कळता कामा नये, हे आधीच ठरवून टाकलं होतं. हळूच विचारलं, "अहो, तुम्ही संध्याकाळी बाहेर जाता?"

"जातो ना."

"मग परत कसे येता?"

"ती आणते." काका खिडकीकडे बघत म्हणाले. "इथं आधी राहायची ती. हात फार गार आहे बाईचा... पण रस्ता पाठ आहे तिला."

काकूंना भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा धीरही आला. लोक म्हणतात तशी बाई येते खरी, पण नेत नाही. आणून सोडते.

तरी त्या संध्याकाळी त्यांनी पुढच्या दाराची वरची कडी लावली आणि काकांचा हात घट्ट धरून खुर्चीशेजारी बसल्या. काका उठले नाहीत, डोकं आपटलं नाही. उजेड विरत गेला. ओल्या मातीचा वास आला, या वेळी पुढून. आणि डबा म्हणाला,

"पुढचं दार उघडलं."

कडी जागच्या जागी होती. फळी बंद. पलीकडे चपला फरफटत आल्या, थांबल्या. मग कुणीतरी खोकलं. तो खोकला काकू लग्नापासून ऐकत आल्या होत्या.

शेजारी काका कुजबुजले, "मी तर आज गेलोच नाही... मग तिनं कुणाला आणलं?"

काकूंनी दार उघडलं नाही. मान वळवून शेजारीही पाहिलं नाही.

त्यानंतर काका कधीच बाहेर गेले नाहीत. आठवणही सुधारली आहे, मुलगा फोनवर बोलून खूश होतो. संस्थेचं नाव आता निघत नाही. दुधाच्या दुकानात बायका अजून म्हणतात की ती बाई माणसं नेते. काकू त्यांचं बोलणं खोडत नाहीत, त्याला मानही डोलावत नाहीत. दिवे लागले की काका फक्त एवढंच विचारतात, "कडी लावलीस ना गं?"

ती लावलेली असते. आणि बाहेरचा खोकला दिवसेंदिवस थकत चालला आहे.