साखळी कोरडी पडू देऊ नये

मंगळवारी दुपारी चिंचेची फांदी बनुमावशींच्या घरावर पडली. पत्रा फाटला, खाट मोडली. तसं काही झालेलं नाही. घर जागेवर आहे, खाटही आहे. सुरुवातीपासून सांगतो.

मी ओंकार. तिसगावात परवेझभाईंबरोबर चेनसॉवर झाडं उतरवतो. मावशींच्या पत्र्यावर चिंचेची एक वाळकी फांदी आली होती, म्हशीच्या पोटाएवढी जाड. वारा सुटला की कुरकुरायची. मावशी एकट्या. चार महिने खाटेवर पडून नुसत्या वर बघायच्या.

"मला बाकी काय नगं," म्हणाल्या. "झोप लागू द्या."

आमच्या कामात एक नेम आहे. मशीनला दोन झाकणं असतात, एक पेट्रोलचं, एक साखळीच्या तेलाचं. एक उघडलं की दुसरं उघडायचंच. मी पेट्रोल भरलं आणि घरून फोन आला. दही आणायचं होतं.

फांदी अर्धी कापून झाली आणि पात्यावरून निळा धूर निघाला. भाईंनी शिडीवरच मशीन बंद केलं, तेलाचं झाकण उघडून आत बघितलं, मग माझ्याकडे.

"दही आनलं का?"

"अजून नाही."

"आन. साखळीला लावू."

तेलाचा डबा आमच्या दुकानात राहिला होता. मावशींनी आतून करडईच्या तेलाची किटली आणली. "घाण्याचं हाय. चालंल का?"

"चालतंय की मावशी. तिला फकस्त ओलं लागतं."

तेल पोचतंय का बघायला चालू मशीनचं टोक दगडासमोर धरतात. दगडावर तेलाची रेघ उठते. उठली. थेंब दगडापर्यंत जायला जरा वेळ घेत होते. मला वाटलं, उन्हामुळं असेल.

भाई परत कापायला लागले. मशीनचा आवाज बारीक होत गेला, शेजारी कुणी रवा भाजावा एवढा. भुसा खाली येईना. पिवळा, करडईच्या वासाचा, तो आमच्या डोळ्यांपुढे तरंगत राहिला. एक कावळा उडाला आणि तिथंच उडत राहिला. मला छान वाटत होतं, दही आणायचं काम जणू दुसऱ्याच कुणाचं होतं.

पातं आरपार निघालं. फांदी झाडापासून सुटली.

पडली नाही. तिला अलगद उतरवायला बांधलेला दोर सैल लोंबत होता.

मावशींनी वर बघितलं. "आता कुरकुरत न्हाई," म्हणाल्या, आत गेल्या आणि झोपल्या.

भाईंनी मशीन बंद केलं. फांदी हातभर खाली आली. भाईंनी परत चालू केलं. थांबली.

"मावशींना उठव," भाई हळूच म्हणाले.

मी हाका मारल्या. हलवलं. मग खाटच बाहेर ओढायला लागलो.

फांदी खाटेबरोबर सरकली.

खाट परत जागेवर ठेवली. फांदीही परत आली.

आज बुधवार. मावशी अजून उठलेल्या नाहीत. नागापूरहून दुसरं मशीन मागवलंय. एकात पेट्रोल भरताना दुसरं चालू ठेवतो. दुकानातलं तेल घालून बघितलं, फांदी वीतभर उतरली. करडईचंच लागतं, तेही त्याच किटलीतलं. पत्र्याला टेकायला चार बोटं राहिलीत. किटलीत तेल दोन बोटं.

तलाठीभाऊसाहेब येऊन गेले. फांदी पडलेली नाही म्हणून पंचनामा होत नाही. झाडावर नाही म्हणून तोडायची परवानगी मिळत नाही. "अर्ज करा," म्हणाले, आणि फांदीखालून न जाता मागच्या बाजूने गेले.

अर्ज मी लिहिला. भाईंच्या हातात मशीन होतं.

"मे. तहसीलदार साहेब, पाथर्डी. अर्जदार बनुबाई झोपेत कूस बदलतात तेव्हा सदर फांदीही कूस बदलते, हे आम्ही समक्ष पाहिले आहे. सबब, अर्जदार जाग्या होईपर्यंत त्यांच्या घरापुरती जमिनीची ओढ स्थगित ठेवण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."