राजूबाईची पेटी

नीलेश, तुझा नकाशा बघितला. चांगला काढलायस. झोपायला फळी, खाली डबे ठेवायला जागा, मागं दार. तुला आणि वैष्णवीला महिनाभर हिंडायला अशी पिकअप पुरे. पण ड्रायव्हरच्या पाठीमागच्या भिंतीला तू खिडकी दाखवली नाहीस. ती मी ठेवणार. वजन वाढलं तर वाढू दे, पावसाचं पाणी झिरपलं तर झिरपू दे. का ते सांगतो. चहा घ्या, बसा, लाइट येईल तेव्हा येईल.

हुमनाबादला हे शेड टाकून मला एकतीस वर्षं झाली. ट्रकचे हौदे केले, दुधाच्या गाड्यांच्या पेट्या केल्या. माणूस झोपवायची पेटी मात्र आयुष्यात एकदाच केली, दुबलगुंडीच्या ग्यानबासाठी. ग्यानबा माझा शाळेपासूनचा सोबती. भाजीपाल्याची एक लहान पिकअप होती त्याची. त्याची बायको राजूबाई माळवदावरनं पडली आणि तिचा मणका गेला. बसता येईना, कुशीवर वळता येईना. दोन वर्षं नुसती उताणी पडून होती. लेक विजयश्री पुण्याला दिलेली, तिचं घर काही राजूबाईनं पाहिलेलं नव्हतं. ॲम्ब्युलन्सनं नेतो म्हटलं की म्हणायची, मी काय मरायलेय का. मग ग्यानबा माझ्याकडं आला. हौद्यावर हलकी पेटी बसव म्हणाला, ती झोपून येईल.

जीव ओतून केली मी ती. बारीक चौकोनी पाइपचा सांगाडा, दोन्हीकडनं ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये थर्माकोल, आत दोघं निजतील एवढी फोमची गादी. सगळं मिळून दीडशे किलोच्या आत. राजूबाईनं निरोप धाडला होता की पुढच्या अंगाला खिडकी ठेवा, मला ह्यांचं डोकं तरी दिसेल, वाट तरी कळेल. मी उडवून लावलं. काच जड, शिवाय तिथनंच गळतं. म्हटलं, वहिनीला सांग, क्लीनरचा कायदा आहेच की. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. बाजाराच्या गाडीत मागं बसून जन्म गेलेली बाई ती, तिला मी काय शिकवणार. हसली म्हणे.

पेटी पुरी व्हायला दोन दिवस राहिले आणि राजूबाई झोपेतच गेली.

ग्यानबा रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं. जेव म्हटलं की जेवायचा, बस म्हटलं की बसायचा. पेटीचं काय करू विचारलं, तर म्हणाला, पुरी कर. तेवढंच. खरं सांगतो, त्या दिवसांत मला त्याच्या तोंडाकडं बघायची भीती वाटायची.

दहाव्याला अस्थी गाणगापूरच्या संगमावर सोडायच्या ठरल्या. दोन हजार चोवीस साल, जानेवारीची एकोणीस तारीख, शुक्रवार. सूर्य उगवायला तिथं पोचायचं म्हणून रात्री अडीचला निघायचं होतं. भावकी मागनं जीपनं येणार होती. ग्यानबानं आपल्या गाडीत कुणालाच घेतलं नाही. पांढऱ्या फडक्यातलं मडकं पेटीत नेऊन कडीला घट्ट बांधलं, आणि दाराला बाहेरनं कुलूप लावलं.

आता आमच्याकडची एक रीत ऐका. अस्थी मुक्यानं न्यायच्या नाहीत. फाटा आला की सांगायचं, फाटा आला. नदी आली की सांगायचं, नदी आली, चल. जिवाला वाट दिसत नाही. कुणी सांगितलं नाही तर तो त्या वळणावरच राहतो. शेजारची रुद्रम्मा, ऐंशीची म्हातारी, हे सांगायला काठी टेकत गाडीपाशी आली.

"बोलत जा रे अप्पा," ती म्हणाली. "तिला वाट म्हाईत न्हाई. हुमनाबादच्या पल्याड गेलीच कुठं ती."

ग्यानबानं मान हलवली आणि गाडी काढली. तोंड काही उघडलं नाही. पुढं मला म्हणाला, लाकूड झालतो मी.

हुमनाबाद मागं पडलं, गुलबर्ग्याचा रस्ता लागला. तिथं पत्र्यावर थाप पडली. एक. बरोबर त्याच्या डोक्याच्या मागं.

पाय आपसूक ब्रेकवर गेला. मडकं सुटलं असेल म्हणून उतरला, कुलूप काढलं, बॅटरी मारली. मडकं जागच्या जागी, गाठ घट्ट. फोमची गादी सपाट, तिच्या प्लास्टिकच्या कव्हरवर सुरकुतीसुद्धा नाही. कुलूप लावून निघाला. घाबरलास का, मी विचारलं. न्हाई म्हणाला, काहीच वाटलं न्हाई.

पुढं एका गावाचा फाटा आला. तिथं पुन्हा एक थाप. पण ही पुढच्या भिंतीवर नव्हती. मागच्या दारावर होती, बाहेरच्या अंगानं.

थांबला. उतरला नाही. आरशात बघितलं. मागच्या दिव्याचा लाल उजेड, आणि रिकामा रस्ता.

निघाला.

कमलापूरच्या अलीकडं ओढ्यावर पूल आहे. साडेतीनचा सुमार. धुकं उतरलेलं. गाडी पुलाच्या मध्यावर आली आणि तिसरी थाप ऐकू आली.

गाडीवर नव्हती ती.

मागनं आली. पुलाच्या तोंडाशी लोखंडी कठडा आहे, त्याच्यावर... हळू. दमल्यावाणी.

ग्यानबानं इंजिन बंद केलं. काच खाली घेतली. वारा नाही. कुत्रं नाही.

पुन्हा थाप. आणखी लांब...

तेव्हा त्याला कळलं. राजू मागं राहायलीय. फाट्याफाट्यावर थांबायलीय, आणि मी मुकाट पुढं चाललोय.

त्यानं तोंड उघडलं. आवाज येईना. पुन्हा उघडलं. तिकडं थाप... जेमतेम ऐकू येईल एवढीच.

"राजू," तो म्हणाला. "पूल आलाय. मी हितं हाय. चल."

काही नाही.

"राजू... चल की गं."

काही नाही. तापलेलं इंजिन टिकटिकत होतं. मग तेही थांबलं...

...

डोक्याच्या मागं. पत्र्यावर. दोन.

तिथनं पुढं संगमापर्यंत ग्यानबा बोलत होता. कमलापूर आलं. गुलबर्गा आलं. हे स्टेशन बघ, हितनंच रेल्वे पुण्याला जाते, तुझ्या लेकीकडं. मग बाकीचं निघालं. दोन वर्षं तुझं करून कंटाळलो होतो, तेही सांगितलं. तू गेलीस त्या सकाळी आधी सुटल्यागत वाटलं, मग काहीच वाटेना, तेही सांगितलं. मागनं पुन्हा थाप आली नाही.

संगमावर उजाडायला लागलं होतं. मागनं भावकीची जीपही येऊन पोचली. चारचौघांसमोर त्यानं कुलूप काढलं. मडकं होतं तिथंच होतं. गादीचं कव्हर तसंच, एक टाका उसवलेला नाही. पण आतला फोम एका कडेला खोल दबला होता. खांदा, कंबर, दुमडलेले गुडघे. कुणी कुशीवर निजावं तसा खळगा, अगदी कडेला सरकून. शेजारची एका माणसाची जागा मोकळी सोडलेली.

ग्यानबा दार धरून रडला. मोठ्यानं. दहा दिवसांत पहिल्यांदा.

परवा स्प्रिंगचे पाटे बदलायला ती गाडी माझ्याकडं आली होती. तो फोम मीच निवडून आणलेला, कितीही दाबा, हात काढला की वर येतो. मोकळ्या बाजूला दाबून पाहिला, लगेच वर आला. कडेचा खळगा मात्र, दोन वर्षं झाली, आहे तसाच आहे.