कोळशातला पळस

मावशीला भेटून धम्मशीला पाथरीची गाडी धरायला निघाली, तोच सोनपेठच्या रस्त्यावर गारा ताडताड आदळायला लागल्या. डोक्यावर पिशवी धरून ती समोरच्या शाळेत पळाली. आत चित्रांचं प्रदर्शन होतं. ओल्या बटा मागं सारत तिनं सहज एका चित्राकडं पाहिलं… आणि ती दोन पावलं पुढं सरकली.

कोळशानं काढलेली गोदावरी. धुक्यात बुडालेला पैलतीर, रिकामी होडी, एक निष्पर्ण झाड. आणि काठावर पाठमोरी मुलगी — कमरेला खोचलेली ओढणी, हातात खुरपं, खांद्यावर गवताच्या नमुन्यांची पिशवी.

“ही… मी हाय?”

“हो,” मागून आवाज आला. सिद्धोधन, चित्रकलेचे सर! हिवाळाभर ती गवताचे नमुने गोळा करायची, त्याच नदीकाठी तो मुलांना घेऊन बसायचा. बोलणं कधी झालं नव्हतं. नजरानजर मात्र… बरीच.

“न इचारता काढलं?”

“इचारणारच होतो. तुमी यायचंच बंद केलं.”

“कॉलेजचा प्रकल्प संपला माझा.”

“मला वाटलं, लग्न ठरलं.” त्याची मान खाली गेली. “नदी म्हणजे आपल्यातलं अंतर. होडी रिकामी, म्हणजे पार नेणारं कुणी न्हाई. अन् मेलेलं झाड म्हणजे… मी.”

खरं तर इथं तिनं लाजायला हवं होतं. पण वनस्पतिशास्त्र आड आलं. ती कागदाला नाक लावून पाहू लागली.

“पळस ना हा? मेला कोण म्हणलं?”

“एक पान न्हाई त्याला!”

“मग फांद्यांवर ह्या गाठी कशाच्या?”

“दिसल्या तशा काढल्या.”

“कळ्या हायत त्या! पळस पानं गाळतो अन् मग फुलतो. आता लालभडक झाला असंल. पुन्हा गेलाच न्हाईत का तिकडं?”

सिद्धोधन भिंतीला टेकला. चेहरा पांढराफटक.

“मी तर नोकरी सोडली इथली… उद्या सेलूला निघायलोय. तुमच्यापासून लांब जावं म्हणून.”

आता सुन्न व्हायची पाळी तिची होती. मग एकदम हसू फुटलं.

“सर, माझं घर पाथरीला हाय, सेलूच्या बाजूला. सोनपेठला मावशी राहती, प्रकल्पापुरती तिच्याकडं होते.”

“म्हणजे…”

“लग्न काय ठरलं न्हाई माझं. अन् लांब न्हाई, लय जवळ यायलात तुमी!”

तो गडबडला. “मग… घरी आलो तर? तुमच्या पप्पांना काय सांगू?”

“त्यांना मी सांगते. मला काय सांगायचं, ते आत्ता सांगा.”

त्यानं सांगितलं — इतकं हळू, की तिनं परत सांगायला लावलं.